औषधांचा दुष्काळ : तो कसा पडतो आणि त्याची तरतूद कशी करावी

दुष्काळनिवारणाच्या पत्रकांत धान्य, वैरण, पाणी व मजुरीचीं कामें यांचा विचार असावयाचा. त्यांत सरकारी रुग्णालयांतील औषधखरेदीचें प्रकरण कोठून आलें, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें समाधान प्रथम करणें अवश्य आहे. १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० हे जे तीन मोठे दुष्काळ दख्खनेंत पडले, त्यांत माणसें केवळ अन्नावांचून मेलीं नाहींत. उपासानें खंगलेल्या शरीरांवर पटकी, हगवण व हिवताप यांनीं घाला घातला, आणि मृत्यूंचा फार मोठा वाटा या रोगांचा होता. दुसऱ्या दुष्काळाच्या सुमारास तर मुंबईस प्लेगही येऊन ठेपला. अन्नछत्र उघडलें आणि दवाखान्याचें कपाट मात्र रिकामें राहिलें, तर निवारण अर्धेंच झालें असें म्हणावें लागतें.

दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानें असें दाखवून दिलें कीं, दुष्काळांतही देशांत एकंदर धान्य बहुधा पुरेसें असतें. ज्याचें काम बुडालें त्या मजुराची तें विकत घेण्याची शक्ति मात्र नाहींशी झालेली असते. औषधांची गोष्ट तशीच आहे. आपला देश गोळ्या व लसी बनवून जगभर पाठवितो. असें असतां सरकारी दवाखान्याच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या रुग्णास 'हें औषध शिल्लक नाहीं, बाहेरून आणा' असें उत्तर मिळतें. म्हणजे तुटवडा मालाचा नव्हे. माल वेळीं मागविण्याचा व वेळीं पोंचविण्याचा आहे. हा दुष्काळ आकाशांतून पडत नाहीं. तो टेबलावर पडतो, आणि खिडकीशीं दिसण्यापूर्वीं कित्येक महिने अगोदर पडलेला असतो. तो कसा, हें विशद करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

उचगांव हें करवीर तालुक्यांतील गांव कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पुणें-बंगळूर महामार्गाच्या जवळ वसलेलें आहे. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील कारखान्यांतील कामगार, गांधीनगरच्या कापडपेठेंतील हमाल व नोकर, आणि उसाच्या शेतांत राबणारीं कुटुंबें या पंचक्रोशींत राहतात. लहानसहान दुखण्यांस जवळचें आरोग्य केंद्र, आणि दुखणें बळावलें म्हणजे कोल्हापुरांतील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या माणसांच्या तोंडचा 'थोरला दवाखाना', हाच त्यांचा आधार. आजचे रोग पटकीसारखे एकदां येऊन जाणारे राहिले नाहींत. रक्तदाब व मधुमेह हे घराघरांत ठाण मांडून बसले आहेत आणि त्यांस रोजची गोळी लागते. ज्याचें पोट हातावर आहे, त्यास सरकारी गोळी एक महिना न मिळाली तर तो ती विकत घेईलच असें नाहीं. पुष्कळदां तो ती बंद करतो, किंवा एक दिवसाआड घेऊं लागतो. त्याचा परिणाम त्या दिवशीं दिसत नाहीं. पुढें कधीं तरी अर्धांगवायूनें पडलेला मनुष्य थोरल्या दवाखान्यांत आणला जातो, तेव्हां रिकाम्या कपाटाचा आणि त्याच्या लुळ्या पडलेल्या हाताचा संबंध कोणी जोडीत नाहीं.

आतां एका गोळीचा प्रवास पाहूं. केंद्रांतील औषधनिर्माण अधिकारी वर्षाच्या गरजेचा अंदाज करून मागणीपत्र लिहितो. तें जिल्ह्यास जातें. जिल्ह्याजिल्ह्यांच्या मागण्या राज्याच्या ठिकाणीं एकत्र होतात. त्यांस प्रशासकीय मान्यता व पैशाची तरतूद मिळते. मग निविदा निघते. पुरेसे पुरवठादार पुढें न आल्यास ती पुन्हां काढावी लागते. दर ठरले म्हणजे करार, कराराच्या मागून मागणीचा हुकूम, हुकुमानंतर कारखान्यांत माल तयार होणें, मग प्रयोगशाळेंत नमुन्याची तपासणी, नंतर जिल्ह्याचें भांडार आणि शेवटीं केंद्राचें कपाट. या प्रत्येक पायरीवर कोणीही लबाडी केली नाहीं, केवळ थोडे थोडे दिवस कागद पडून राहिला, तरी एकंदर विलंब महिन्यांचा होतो. लोक 'औषधें कोणी तरी खाल्लीं' असें म्हणून मोकळे होतात. खाणारे असतातच, त्यांचा समाचार कायद्यानें घ्यावा. परंतु चोर पकडला म्हणजे कपाट भरेल ही समजूत भ्रामक आहे.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. समजा, एका केंद्रांत मधुमेहाचे २०० रुग्ण आहेत व प्रत्येकास दिवसास २ गोळ्या लागतात. रोजचा खप ४०० गोळ्या, महिन्याचा १२,००० व वर्षाचा १,४४,००० झाला. मागणी केल्यापासून माल हातीं पडेपर्यंत ४ महिने लागतात असें धरूं. तर कपाटांत ४८,००० गोळ्या शिल्लक असतांनाच नवें मागणीपत्र गेलें पाहिजे. आणि पावसाळा, फेरनिविदा इत्यादि अडचणींसाठीं २ महिन्यांची शिलकी बाजूस ठेवावयाची तर ७२,००० वर आलें कीं लगेच. आतां ज्या केंद्रांत एक महिन्याचा साठा उरल्यावर, म्हणजे १२,००० गोळ्या दिसूं लागल्यावर, मागणी लिहिण्याची वहिवाट असेल, तेथें पुढचे ३ महिने खिडकी रिकामी राहणारच. मागणी लिहिणारास कपाट अजून भरलेलें दिसतें, म्हणून तो स्वस्थ असतो. गृहिणीस ही चूक सांगावी लागत नाहीं. पावसाळ्याचें सर्पण ती उन्हाळ्यांतच भरते.

याहूनही घातक असा एक फेरा यानंतर सुरू होतो, आणि त्याकडे फार थोड्यांचें लक्ष गेलेलें असतें. पुढील वर्षाची मागणी बहुधा मागील वर्षाच्या वाटपावरून ठरविली जाते. वरच्या उदाहरणांत ३ महिने गोळ्याच नव्हत्या. तेव्हां वहींत वाटप १,०८,००० च दिसणार. ज्या महिन्यांत कपाट रिकामें होतें, त्या महिन्यांचा खप शून्य लिहिला जातो. शून्य गरज आणि शून्य शिल्लक यांत वहीला भेद कळत नाहीं. मग पुढील वर्षास १,०८,००० चीच मागणी जाते, ती मंजूरही होते, आणि टंचाई या वेळीं कोणाच्या विलंबावांचून, नियमाप्रमाणें पडते. शिवाय दोन खेपा रिकाम्या हातानें परत गेलेला रुग्ण तिसऱ्यांदां येत नाहीं, त्यामुळें रुग्णांची संख्याही कमी दिसते. रोग हटला असा अहवाल होण्यास एवढें पुरतें! म्हणून खरी गरज काढावयाची तर वर्षाचें वाटप बारांनीं न भागतां, ज्या महिन्यांत औषध प्रत्यक्ष उपलब्ध होतें तितक्याच महिन्यांनीं भागून मग बारांनीं गुणिलें पाहिजे. १,०८,००० भागिले ९ म्हणजे १२,०००. गुणिले १२ म्हणजे पुन्हां १,४४,०००. हें गणित प्राथमिक शाळेंतील मुलासही यावें. तें करावयाचें तर कपाट कोणत्या तारखेस रिकामें झालें व कोणत्या तारखेस भरलें याची नोंद पाहिजे, आणि हीच नोंद वह्यांत बहुधा नसते. ई-औषधि नांवाची संगणकीय पद्धति आज सरकारी दवाखान्यांत वापरतात. तिचा उपयोग मोठा आहे. परंतु संगणकांतील शिल्लक आणि फळीवरची शिल्लक एक असेल तरच.

पैशाचें चक्र वेगळेंच फिरतें. सरकारी वर्ष एप्रिलमध्यें सुरू होतें. अनुदान हप्त्यांनीं व पुष्कळदां उशिरां सुटतें. मार्चअखेर शिल्लक रक्कम परत जाण्याची भीति असते. त्यामुळें वर्षाच्या आरंभीं औषधांस पैसा नाहीं आणि शेवटीं पैसा खर्चावयाचा म्हणून एकदम मोठी खरेदी, असा प्रकार होतो. एकाच वेळीं आलेल्या मालाची मुदतही एकाच वेळीं संपते. ज्या पुरवठादाराचीं बिलें थकलीं, तो पुढच्या निविदेस येत नाहीं, आणि आला तर थकबाकीचें व्याज दरांत धरूनच येतो.

यावर कित्येक जण असा उपाय सुचवितात कीं, निविदा व तपासणी यांचें हें जंजाळ काढून टाकावें आणि ज्या डॉक्टरास जें हवें तें त्यानें बाजारांतून घ्यावें. त्यांनीं मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयांत १९८६ च्या आरंभीं काय घडलें तें आठवावें. तेथें रुग्णांस दिलेल्या ग्लिसरिनमध्यें डायएथिलीन ग्लायकोल हें विष निघालें आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली, तेव्हां खरेदीपासून तपासणीपर्यंतची सर्व साखळी किडलेली आढळली. ही गोष्ट जुनी झाली असेंही नाहीं. नागपूर जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांस पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाचा अंशही नव्हता, असें २०२४ मध्यें बाहेर आलें. घाईनें आणलेलें बनावट औषध हें रिकाम्या कपाटाहून वाईट. कारण रिकामें कपाट निदान खोटें बोलत नाहीं. तेव्हां तपासणीस लागणारा वेळ वांचवावयाचा नाहीं. तो आधींच हिशेबांत धरावयाचा आहे. वांचवावयाचा वेळ आहे तो टेबलावर कागद पडून राहण्याचा.

महाराष्ट्रानें या कामीं प्रयोग केले नाहींत असें नाहीं. २०१७ मध्यें राज्यांतील सरकारी औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन जीव-औषध महामंडळाकडे सोंपविण्यांत आली. डॉ. हाफकिन यांनीं १८९७ मध्यें मुंबईंत प्लेगची लस सिद्ध केली, १८९९ मध्यें परळ येथें त्यांच्या प्रयोगशाळेची स्थापना झाली; त्या परंपरेंतील ही संस्था. परंतु लसी व प्रतिविष बनविणें हा तिचा व्यवसाय. शेंकडों प्रकारच्या मालाच्या निविदा काढणें ही विद्या निराळी. विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ मध्यें विधिमंडळानें स्वतंत्र कायदा करून वैद्यकीय वस्तु खरेदी प्राधिकरण निर्माण केलें. त्याच वर्षीं १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले. हा निर्णय अत्यंत स्तुत्य होय; मात्र विनामूल्य उपचारानें रुग्ण वाढणार व औषधें अधिक लागणार, ही तरतूद त्याच्या आधीं व्हावयास हवी. पुढें सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभीं नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत २४ तासांत २४ रुग्ण मरण पावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. औषधें अपुरीं होतीं असा आरोप झाला, सरकारनें तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. या मृत्यूंचें कारण ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, कपाटाची रोजची शिल्लक जर दवाखान्याच्या दारावर लिहिलेली असती, तर अशा वेळीं आरोप व इन्कार या दोहोंचेंही कारण उरलें नसतें.

तामिळनाडूचा दाखला येथें उपयोगी पडेल. तेथें १९९४ मध्यें वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झालें. त्यानें तीन गोष्टी केल्या. औषधांची यादी आटोपशीर ठेवली; जिल्ह्याजिल्ह्यांत आपलीं भांडारें उघडलीं व प्रत्येक खेपेचा नमुना तपासून येईपर्यंत माल वेगळा ठेवण्याचा नियम केला; आणि प्रत्येक दवाखान्यास बँकेसारखें एक पासबुक दिलें. पासबुकांत त्या दवाखान्याच्या वांट्याची रक्कम लिहिलेली असते व भांडारांतून औषध नेलें कीं तीतून वजा होते. खरेदी एका ठिकाणीं, पण काय व किती न्यावयाचें हें ठरविणें दवाखान्याच्या हातीं, अशी ही वांटणी आहे. राजस्थाननें २ ऑक्टोबर २०११ रोजीं मोफत औषधांची योजना सुरू केली तीही अशाच महामंडळाच्या बळावर. या दोन्ही ठिकाणीं टंचाई कधींच पडत नाहीं असा आमचा दावा नाहीं. पडली तर ती कोठें व किती, हें तेथें लवकर कळतें, आणि एका भांडारांतील माल दुसरीकडे हलवितां येतो.

स्थानिक खरेदीलाही मर्यादा आहेत. मार्च २०२४ मध्यें क्षयरोगाच्या औषधांचा केंद्राकडून होणारा पुरवठा अडखळला, आणि केंद्र सरकारनें राज्यांस तीन महिन्यांपुरतीं औषधें आपापल्या पातळीवर विकत घेण्यास कळविलें. परंतु हीं औषधें मुख्यतः सरकारी कार्यक्रमासाठींच तयार होतात. गल्लींतील दुकानांत त्यांचे ढीग नसतात. सर्व जिल्हे एकाच वेळीं बाजारांत उतरले म्हणजे कोणासही पुरेसें मिळत नाहीं. क्षयाचा उपचार मध्येंच तुटला तर जंतु औषधास दाद देईनासे होतात, आणि मग त्या रुग्णाचाच नव्हे तर त्याच्या घरांतील सर्वांचा प्रश्न उभा राहतो.

आमच्या भागास विलंबाचें आणखी एक कारण आहे, तें म्हणजे पंचगंगा. ऑगस्ट २०१९ मध्यें राजाराम बंधाऱ्यापाशीं पाण्यानें ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखालीं जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्यें पुन्हां तोच प्रसंग आला. पुण्याकडून येणारी मालमोटार जेव्हां पलीकडे उभी असते, तेव्हां कागदावर मंजूर झालेल्या औषधाचा कांहीं उपयोग नाहीं. पुरांत सर्पदंश वाढतात, पाणी ओसरल्यावर अतिसार व लेप्टोस्पायरोसिस यांचें भय असतें. म्हणून या तालुक्यांतील केंद्रांनीं पावसाळी शिलकी मे महिन्यांतच भरून घ्यावी, आणि तींत नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषावर चालणारें प्रतिविष, जलसंजीवनी, डॉक्सिसायक्लिन, क्लोरिनच्या गोळ्या आणि रोजच्या औषधांचा दोन महिन्यांचा सांठा असावा. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतें व त्यास महिने लागतात. ऐनवेळीं मागणी करून तें मिळेल हा भरंवसा धरूं नये.

सांठा अपुरा पडलाच, तर आहे तो जपून कसा वापरावा यासही शास्त्र आहे. कुत्रें चावल्यावर द्यावयाची लस स्नायूंत न देतां त्वचेंत दिली, तर प्रत्येक खेपेस दोन ठिकाणीं ०.१ मिलिलिटर एवढीच मात्रा ०, ३, ७ व २८ या दिवशीं पुरते. एकाच कुपींत अनेक रुग्णांचें काम होतें व संरक्षण कमी पडत नाहीं. त्यासाठीं रुग्णांस एकाच वेळीं बोलावून घेण्याची व्यवस्था व हात बसलेली परिचारिका मात्र पाहिजे. ज्या औषधांवांचून जीव जातो तीं, ज्यांवांचून रोग वाढतो तीं, आणि ज्यांवांचून कांहीं दिवस निभतें तीं, असे तीन वर्ग करून पहिल्या वर्गाची फळी दर आठवड्यास पाहावी. खोकल्याच्या औषधासाठीं ओरड अधिक होते, इन्शुलिनसाठीं कमी. परंतु ओरडीवरून महत्त्व ठरवूं नये. एका केंद्रांत मुदत संपत आलेला माल शेजारच्या केंद्रास लेखी देवघेवीनें देण्यास जिल्ह्यानें आडकाठी करूं नये.

आतां दात्यांस दोन शब्द. औषधांची टंचाई ऐकून सज्जन मंडळी घरांतील उरलेल्या गोळ्यांच्या पिशव्या आणून देतात. त्यांचा भाव थोर असला, तरी हें दान आम्ही स्वीकारीत नाहीं. बोस्नियांतील युद्धाच्या वेळीं, १९९२ ते १९९६ या काळांत, परदेशांतून आलेल्या औषधांपैकीं सुमारें निम्मीं निरुपयोगी होतीं, आणि तीं नष्ट कशीं करावींत हेंच तेथें एक संकट होऊन बसलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणें दान दिलेल्या औषधाची मुदत पोंचतेवेळीं किमान १ वर्ष शिल्लक असावी व तें मागणाऱ्यानें मागितलेलें असावें. समितीही याच नियमानें चालेल.

रोख रकमेचा विनियोग असा होईल. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें लेखी मागितलेलें, पहिल्या वर्गांतील औषध, आणि सरकारी माल येईपर्यंतच्या दिवसांपुरतेंच, समिति विकत घेईल. खरेदी मूळ नांवाच्या औषधांची होईल, छापील व्यापारी नांवाच्या महाग औषधांची नव्हे; आणि प्रत्येक खेपेचा क्रमांक, मुदत व बिल नोंदवून माल रुग्ण कल्याण समितीच्या वहींत जमा केला जाईल. यास एक अट आम्ही जोडली आहे. औषध देण्यापूर्वीं तें केंद्रांत कोणत्या तारखेपासून नव्हतें व किती रुग्ण परत गेले, याचें टिपण अधिकाऱ्यानें करावें, व त्याची एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी. कांहीं सभासदांस ही अट जाचक वाटली. रुग्ण दारांत उभा असतां कागद कसले मागतां, असें त्यांचें म्हणणें. परंतु आमच्या देणगीनें भोंक गुपचूप बुजलें, तर सरकारी वहींत तें कधींच दिसणार नाहीं, व पुढील वर्षाची मागणी तितकीच अपुरी जाईल. टिपण चार ओळींचें आहे आणि तें लिहून देण्यास समितीचा स्वयंसेवक हजर राहील.

ज्यांस पैसा देणें शक्य नाहीं त्यांनीं एवढें करावें. दवाखान्यांत औषध न मिळाल्यास औषधाचें नांव, तारीख व चिठ्ठीचा क्रमांक समितीच्या उचगांवांतील कार्यकर्त्यास कळवावा. रुग्णाचें नांव कळविण्याची गरज नाहीं. औषध मिळाल्यासही कळवावें, कारण कपाट कोणत्या तारखेस भरलें हेंही आम्हांस नोंदावयाचें आहे. गोळा झालेल्या नोंदी दर महिन्यास ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यांत येतील, आणि देणग्यांची यादी व जमाखर्च पुढील अहवालांत छापला जाईल.